एकोणीस कोऱ्या चिठ्ठ्या

देवसाळ, ता. मालवण
मंगळवार, १४ एप्रिल १९६४

प्रिय मथू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. लीलाचा गोवर ओसरला, ती अंगणात खेळायला लागली, हे वाचून तुझ्या आईचा जीव भांड्यात पडला. गेले आठ दिवस ती देवासमोर बसून काहीतरी पुटपुटत होती. काय बोलली ते मला सांगत नाही, पण आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचा घड कबूल केला असावा, कारण परसातल्या केळीला कुणाला हात लावू देत नाही. जावईबापूंना कारखान्यात बढती मिळाली हे वाचून आनंद झाला. शुक्रवारी शेजारचे आबा एस.टी.ने वेंगुर्ल्याला येणार आहेत. त्यांच्याबरोबर कुळथाचं पीठ, तळलेले गरे आणि आईने शिवलेली लीलाची दोन झबली पाठवतो आहे. हे पत्रही त्यांच्याच हाती देईन. टपालात टाकायचं नाही असं ठरवलं आहे. आपल्या पोस्टात पत्र किती हातांतून जातं ते तुला ठाऊक आहे.

इतकं लिहून मघाशी थांबलो, चहा घेतला, परसात जाऊन काजूबिया पसरून आलो, आणि परत बसलो आहे. जे लिहायचं आहे ते एकदम लिहिता येत नाही. शाळेत पोरांना मी सांगायचो, निबंध सुचत नसेल तर पहिल्यापासून काय घडलं ते क्रमाने लिहा. तसंच करतो. तुला यातलं बरंचसं माहीत आहे. जे माहीत नाही ते मधे येईल तेव्हा वाचायचं सोडू नकोस.

तू सातवीची फायनल पास झालीस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. निकाल मालवणला लागला होता. मी तो बघून चालत परत आलो, आणि वाटेत जो भेटेल त्याला थांबवून सांगत आलो. आपल्या शाळेतून फायनल झालेली तू पहिली मुलगी. लोक म्हणत, मास्तरांचा चेडू ता, हुशार आसतलाच. तुझ्या हुशारीचा अर्धा मान असा माझ्या पदरात पडायचा, आणि मला तो गोड लागायचा. पंचावन्न साली बंदरावरच्या गंगारामशी तुझं लग्न झालं. व्हाळाच्या पलीकडे, अर्ध्या तासाच्या चालीवर लेक राहिली, म्हणून तुझी आई सुखावली. तिकडे त्याच्या दुकानात नारळ-सुंभ घ्यायला येणाऱ्या बायका तुझ्याकडून पत्रं लिहून घ्यायच्या, मुंबईहून आलेली वाचून घ्यायच्या. तेव्हाही त्या तुला मथुरा कधी म्हणाल्या नाहीत. मास्तरांचा चेडू हेच तुझं नाव होतं.

एकसष्ट सालच्या माघात यमुनाबाई मासळीची टोपली घेऊन आपल्या दारापुढच्या खळ्यात आली. टोपली उतरवायच्या आधीच म्हणाली, "मास्तरानू, औंदा शाळेच्या कमिटीर आमच्या बंदराचा एक माणूस व्हया." मी हसून विचारलं, तुमच्यात लिहिता-वाचता येणारं आहे कोण. ती म्हणाली, "तुमचा चेडू आसा मा." मला ते ऐकून बरंच वाटलं. शाळा चालवणाऱ्या मंडळाचा मी तेवीस वर्षं चिटणीस, शाळा मी काढलेली, आणि आता मुलगीही कमिटीवर बसणार. उमेदवारीचा तुझा अर्ज मीच लिहिला, तो तुला आठवत असेल. नियम असा होता की प्रत्येक सभासदाला, बाई असो की पुरुष, एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एकच नाव. ज्यांना जास्त मतं ते सात जण कमिटीवर. उमेदवार नऊ होते. मला वाटलं, तू सातव्या नंबरावर कशीबशी येशील, माझ्या शेजारी बसशील, आणि मी सांगेन ते इतिवृत्तात लिहून घेशील.

तू मात्र घराघरांतून हिंडायला लागलीस. मी तेवीस वर्षांत कुणाच्या उंबऱ्यावर मत मागायला गेलो नव्हतो. लोक मला देतच असत. तू मत मागत नव्हतीस. खळ्यात बसून बायकांना विचारत होतीस की शाळेचं तुमच्या मनात काय आहे, आणि निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून घेत होतीस. व्हाळाला पाणी आलं की माडाच्या दोन ओंडक्यांचा साकव बुडतो, आणि आषाढ-श्रावणात बंदरावरची पोरं घरीच राहतात. रापणीचं जाळं ओढायच्या दिवसांत सकाळची शाळा अकराला भरली तर पोरांना दोन्ही साधेल. मासळीचा वास येतो म्हणून बंदरावरची पोरं मागच्या ओळीत, दाराकडे बसवतात. ती वही तू मला विश्वासाने वाचायला दिलीस. मी ती आठ दिवस ठेवून घेतली आणि लाल शाईने त्यातली ऱ्हस्व-दीर्घं सुधारून परत दिली. मागच्या ओळीत पोरं बसवायची पद्धत माझीच होती. त्याबद्दल मी एक शब्द बोललो नाही. तू वही उघडून बघितलीस, नुसतं "बरं, बाबा" म्हणालीस आणि गेलीस.

त्यानंतर एकेक होत गेलं. माझ्या चार अर्जांना उत्तर न देणारे तपासनीस तुझ्या एका पोस्टकार्डावर आले, आणि शाळेच्या पायरीवर उभे राहून त्यांनी मला विचारलं, मथुराबाई कोण. मी म्हटलं, माझी मुलगी. ते म्हणाले, "असं होय," आणि मग साकवाकडे निघाले ते तुझ्याबरोबर. मी मागून छत्री घेऊन चालत होतो. एकदा देवळासमोरच्या हॉटेलात मी आत होतो हे माहीत नसताना बाहेर बाकावर कुणीतरी म्हणालं, "बापाशीपेक्षा चेडू बरा बोलता." दुसरा म्हणाला, "बापूस बोलता ता पुस्तकातला." मी माझा चहा तसाच ठेवून मागच्या दाराने घरी आलो. तुझ्या आईला सांगितलं, उन्हाने डोकं दुखतंय. तिने कपाळावर सुंठ उगाळून लावली. मी डोळे मिटून पडलो होतो आणि तीच दोन वाक्यं ऐकत होतो. दुसऱ्या कुणाबद्दल ती ऐकली असती तर मी विसरलोही असतो. पोटच्या मुलीबद्दल ऐकली, म्हणून कुणाला सांगताही येईना.

मग मतदानाच्या आधीच्या रविवारची ती देवळातली सभा. सगळे उमेदवार बोलले, मीही बोललो. तू बायकांच्या बाजूला खांबाला टेकून उभी होतीस. तुझी पाळी आली तेव्हा तू पुढे आली नाहीस, तिथूनच बोललीस, आणि आपल्या घरच्या बोलीत बोललीस. तुझे शब्द मला जसेच्या तसे पाठ आहेत. "मी ह्या शाळेत सात वर्षां काढलंय. सात वर्षां सकाळी निघताना पाणी पिवक नाय, कारण शाळेत चेडवांका जावक आडोसो नाय. अजून नाय. म्हणान चौथीनंतर आमची चेडवां घरात बसतत. ती ढ नाय हत." मंडपातली माणसं आधी तुझ्याकडे बघत होती, मग हळूहळू माझ्याकडे बघायला लागली. मी तुझा मास्तर होतो आणि बापही होतो. सात वर्षं तू माझ्याबरोबर त्याच वाटेने शाळेत गेलीस आणि मला कळलं नाही. घरी आल्यावर मी तुझ्या आईला विचारलं, तुला ठाऊक होतं का. ती म्हणाली, "ठाऊक नसात तर आई कसली? तुम्ही कधी इचारलात?"

मथू, इथे मला शरम वाटायला हवी होती. वाटलीही. पण ती एका दिवसात गेली, आणि उरलं ते निराळंच होतं. तुझं बोलणं संपल्यावर आधी यमुनाबाईने आणि मग बंदरावरच्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुरुषांनी वाजवल्या. भाईंनीसुद्धा वाजवल्या, आणि ते तर मंडळाचे अध्यक्ष, माझे तीस वर्षांचे स्नेही. मी त्या मंडपात तेवीस वर्षं भाषणं केली. लोक शांत बसून ऐकत, शेवटी कुणीतरी आभार मानत. टाळ्या मला कधी मिळाल्या नव्हत्या, आणि मिळाल्या नव्हत्या हे त्या दिवशी प्रथम माझ्या लक्षात आलं. तो आठवडा मी तुझा राग राग केला. तू घरी आलीस, आईच्या हातची सोलकढी प्यायलीस, मला म्हणालीस, बाबा, तुम्ही पाठीशी आहात म्हणून मला बोलता आलं. मी पेपर वाचत राहिलो. तुला वाटलं, मी दमलो आहे. माझ्या मनात होतं की ही इतकी साधी कशी, हिला दिसत कसं नाही.

मतदान शाळेत झालं. पाच वाजता मोजणीला बसलो. भाईंना मोतीबिंदूमुळे पेन्सिलीचं अक्षर दिसत नसे. म्हणून असं ठरलं की मी चिठ्ठी उघडून नाव वाचायचं आणि भाईंनी खडूने फळ्यावर त्या नावापुढे रेघ ओढायची. लोक बाहेर अंगणात बसले होते. तूही होतीस, गंगारामच्या शेजारी. दरवर्षी माझ्या नावापुढच्या रेघा सगळ्यांत लांब जात. त्या दिवशी तुझ्या आणि माझ्या सारख्याच चालल्या होत्या. नऊ-नऊ झाल्या असताना मी पुढची चिठ्ठी उघडली. तीवर पेन्सिलीने, दाबून, गोल अक्षरात लिहिलं होतं, "मास्तरांचा चेडू".

अक्षर कुणाचं ते मी लगेच ओळखलं. यमुनाबाईची नात सावित्री, पाचवीत होती. तिला पाटीवर बाराखडी गिरवायला मीच शिकवलं होतं. तिचा ड पोट फुगवून बसलेला असायचा. बंदरावरच्या ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या चिठ्ठ्या तिने लिहून दिल्या होत्या, आणि बायकांनी जे नाव सांगितलं ते प्रामाणिकपणे लिहिलं होतं. चिठ्ठी कुणासाठी आहे याबद्दल शंकेला जागा नव्हती. गावात मास्तर एकच आणि त्याची मुलगी एकच. मी ती वाचली असती तर तू माझ्या वर गेली असतीस. माझ्या तोंडून शब्द आला, "कोरी." भाईंनी खडू खाली केला. मी चिठ्ठी घडी करून मांडीखाली सरकवली.

देवाशपथ सांगतो, त्या क्षणी तू पडावीस असं माझ्या मनात नव्हतं. माझ्या वर जाऊ नयेस, एवढंच होतं. मला वाटलं, एक गेली तर काय बिघडतं. मग तशीच दुसरी निघाली. पहिली कोरी म्हटल्यावर दुसरीचं नाव कसं घेणार? तिसरी, चौथी. पुढे मला प्रत्येक चिठ्ठी उघडायची धास्ती वाटायला लागली. एकोणीस वेळा मी "कोरी" म्हटलं. शेवटी फळ्यावर माझ्या नावापुढे एकतीस रेघा होत्या, सातव्या माणसापुढे वीस, आणि तुझ्यापुढे चौदा. त्या चौदांतली एक तुझ्या आईची होती. तिने "मथुरा" असं पूर्ण, ठसठशीत लिहिलं होतं. माझी चिठ्ठी माझ्याच नावाची होती.

पुढचं तू पाहिलंस. एकोणीस कोऱ्या म्हटल्यावर अंगणात कुणीतरी मोठ्याने हसलं आणि म्हणालं, "बंदरावरच्यांका पेन्सिल खंयच्या बाजून धरतत ता तरी म्हायत आसा?" सगळे हसले. तेवढ्यात सावित्री पुढे आली आणि म्हणाली, "मी लिवलंय. मी सगळी लिवलंय." तिला वाटलं असेल, मास्तर आपल्याला ओळखतात, ते सांगतील. ती माझ्याकडे बघत होती. मी शाईच्या दौतीचं झाकण लावत होतो. यमुनाबाईने तिला दंडाला धरून बाहेर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या चिठ्ठ्या न्हाणीच्या चुलीत घातल्या आणि त्या पाण्याने आंघोळ केली.

तू त्याच संध्याकाळी घरी आली होतीस. रडली नाहीस. ओटीवर बसून म्हणालीस, "बाबा, त्यांनी तोंडावर हो म्हटलं आणि कोऱ्या टाकल्या. माझं काय चुकलं?" मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "लोक असेच असतात गो. तू मनाक लावून घेऊ नको." तू माझ्या शेजारी बसून जेवलीस, लहानपणी बसायचीस तशी, आणि मला त्या जेवणाला चव आली. हे लिहायला सगळ्यांत जड गेलं. चिठ्ठ्या लपवताना मी घाबरलो होतो, पण त्या जेवणाच्या वेळी मी सुखात होतो. मुलगी परत माझी झाली होती.

बंदरावरच्या बायका दुसऱ्या दिवशी तुझ्या दारात आल्या होत्या. तू दार उघडलं नाहीस. पावसाळ्याआधी गंगारामने दुकान आवरलं आणि तुम्ही वेंगुर्ल्याला गेलात. यमुनाबाईला वाटतं, तू त्यांना अडाणी समजून सोडून गेलीस. तुला वाटतं, त्यांनी तुला फसवलं. दोन्ही बाजूंनी माझ्याबद्दल कुणाच्या मनात काही नाही. उलट, पुढच्या वर्षी मी शाळेमागे चिऱ्यांच्या दोन मोऱ्या मुलींसाठी बांधून घेतल्या. कल्पना तुझी, शब्दही तुझेच, ते मी कमिटीपुढे माझे म्हणून मांडले. पंधरा ऑगस्टला भाईंनी मला शाल आणि नारळ दिला आणि मंडपात टाळ्या झाल्या. मी वाकून नमस्कार केला. तुला पत्रात मी त्याबद्दल लिहिलं नव्हतं, आईनेही लिहिलं नाही. साकव अजून तसाच आहे. मोऱ्या बांधल्या तरी बंदरावरच्या मुली आल्या नाहीत. तेव्हा शाळेत त्यांच्यातल्या चौदा होत्या, आता तीन आहेत. जिथे आपल्याला हसले तिथे पोरी कशाला पाठवायच्या, असं त्यांच्या आया म्हणतात.

हे सगळं पोटात घेऊन माणूस मजेत जगू शकतो, मथू. मी तीन वर्षं जगलो. मला झोप लागत होती, जेवण जात होतं. मागच्या बुधवारी बंदरावर गेलो होतो. बांगडे खारवत बायका बसल्या होत्या, त्यांत यमुनाबाई होती. आता तिला कमी दिसतं. माझा आवाज ऐकून तिने हाक मारली आणि म्हणाली, मुंबईच्या लेकाला चार ओळी लिहून द्या. सावित्री शेजारीच मिठाची टोपली घेऊन बसली होती. चौदा वर्षांची झाली आहे, उंच झाली आहे. मी सहज म्हटलं, अगं, ही असताना मी कशाला, ही लिहील की. यमुनाबाईने मान हलवली. "तिचा लिवलेला कागदार उमटणा नाय, मास्तरानू," ती म्हणाली. रागाने नाही, कुणाला पोहता येत नाही असं सांगावं तितक्या सहज. मोजणीच्या दिवशी घरी नेल्यावर सगळ्या बायकांनी पोरीला विचारलं होतं की लिहिलंस तर गेलं कुठे. ती शपथा घेत राहिली. शेवटी तिनेच ठरवलं की आपली पेन्सिल उमटली नसेल. पाचवीची परीक्षा तिने दिली नाही. मी तिच्यापुढे कागद धरला आणि म्हटलं, लिहून तरी बघ. तिने हात पाठीमागे घेतले. म्हणाली, "माझा अक्षर बरा नाय."

मी यमुनाबाईचं पत्र लिहून दिलं. काय लिहिलं ते आठवत नाही. घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली आणि गुरांना पाणी दाखवायला गेली. दोन दिवस जेवण वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माका कित्याक सांगतास? जेका सांगूक व्हया तेका सांगा." त्यानंतर तुझं पत्र आलं. शेवटी तू लिहिलं आहेस की वेंगुर्ल्यात शेजारणी तुला तिथल्या शाळेच्या कमिटीत ये म्हणून आग्रह करतात आणि तू नाही म्हणालीस, कारण लोकांच्या तोंडच्या शब्दावर आता तुझा भरवसा नाही. ते वाक्य तुझ्या आईने मला दोनदा वाचायला लावलं.

रविवारी, २६ तारखेला, मंडळाची सभा आहे, नवी कमिटी निवडायची. चिटणीसपदाचा राजीनामा मी काल भाईंना दिला. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, सभेत सांगतो. मी देवळाच्या मंडपात उभा राहून हे सगळं सांगणार आहे, चिठ्ठ्यांवर काय लिहिलं होतं तेसुद्धा. पुरावा काही उरलेला नाही, माझ्या तोंडचा शब्दच आहे, आणि त्याची किंमत त्या दिवशी लोक ठरवतील. तुला हे चारचौघांकडून कळू नये, आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. क्षमा मागत नाही; ती मागितली की द्यावी लागते, आणि तुझा स्वभाव मला माहीत आहे. खोटं कशाला लिहू, अजूनही मनात येतं की माझं बोलून झाल्यावर सगळा मंडप तुझ्याकडे वळेल आणि तुझ्याबद्दलच बोलेल. पासष्टीला आलो तरी हे जात नाही. ते असू दे, मी बोलणार आहे. तू त्या दिवशी यावंस की नाही ते तुझं तू ठरव. आलीस, तर एकच कर. आमच्याकडे येण्याआधी साकव ओलांडून यमुनाबाईच्या घरी जा. ती दार उघडील की नाही सांगता येत नाही, तरी थांब. सभेला पोरी येत नाहीत, आणि मी जाऊन सांगितलं तर सावित्री मास्तरांचा मान राखून नुसती मान हलवील. तू सांगितलंस तर तिला खरं वाटेल. तिला सांग की तिचं अक्षर उमटलं होतं. प्रत्येक चिठ्ठीवर उमटलं होतं, आणि मी ते एकोणीस वेळा वाचलं आहे.

तुझाच,
बाबा